शरद ऋतूत फेझ: आईसोबतचा बेत आखण्यासाठी सल्ला हवा

पारिजात (धागाकर्ती)

नमस्कार. दसरा झाला की निघायचे आणि दिवाळीच्या आधी घरी परतायचे, अशा बेताने मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे मोरोक्कोला जाणार आहोत. गुरुवार, २२ ऑक्टोबरला पहाटे मुंबईहून निघून दुपारपर्यंत कासाब्लांकाला पोहोचू आणि १ नोव्हेंबरला परत येऊ. यजमानांनी केलेल्या तक्त्यात कासाब्लांका, माराकेश, मर्झुगाचे वाळवंट, फेझ, शेफशावेन आणि टँजिअर एवढे सगळे बसवले असून फेझच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आला आहे. आईला मात्र खरे तर फेझच पाहायचे आहे. ती अडुसष्ट वर्षांची आहे, शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाली आहे, आणि तिचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती तासभर चालते, पण चढ आणि पायऱ्यांनी थकते.

माझे प्रश्न तीन आहेत. ऑक्टोबरचा शेवट ही फेझसाठी योग्य वेळ आहे का? तिथली जुनी मदिना, म्हणजे तटबंदीच्या आतले शहर, आईला झेपेल का? आणि आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, तर जेवणाचे कसे करावे?

सह्यवेडा

आधी यजमानांच्या तक्त्याबद्दल, कारण बाकीचे प्रश्न त्यानंतरच सुटतील. फेझहून मर्झुगा साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि वाटेत मध्य अ‍ॅटलासचे घाट लागतात, त्यामुळे जायला एक अख्खा दिवस आणि यायला दुसरा अख्खा दिवस जातो. शेफशावेन दोनशे किलोमीटरांवर असले तरी डोंगरी रस्त्याने बसला चार तास लागतात. माराकेश ते फेझ ही रेल्वे सहा तासांहून जास्त वेळ घेते. तुमच्या नऊ-दहा दिवसांपैकी निम्मे गाडीच्या खिडकीतून बाहेर बघण्यात जातील, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालण्यापेक्षा तासन्‌तास बसून राहण्याचाच त्रास अधिक होतो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

माझा सल्ला असा की, पहिली रात्र कासाब्लांकाला विश्रांती घ्या, शुक्रवारी रेल्वेने फेझला जा, तिथे पाच रात्री राहा, आणि उरलेल्या तीन रात्री रबातला घालवून तिथूनच विमानतळ गाठा. रबात ही राजधानी असूनही शांत आहे, तिथले रस्ते बरेचसे सपाट आहेत, आणि हसन मिनार व शेल्ला ही दोन ठिकाणे तुमच्या मातोश्रींना नक्की आवडतील. कासाब्लांका ते फेझ हा प्रवास साधारण चार तासांचा आहे. पहिल्या वर्गात आसन राखीव मिळते, म्हणून तोच घ्यावा. तिकिटावर फ्रेंच वळणाने ‘फेस’ लिहिलेले दिसेल आणि स्थानिक माणसे ‘फास’ म्हणतील, तेव्हा गोंधळू नका.

कासवगती

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे रबातमध्ये होतो आणि फेझला सर्व ऋतूंत गेलो आहे, म्हणून हवामानाबद्दल लिहितो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर, टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलेले आहे. त्यामुळे उन्हाळ्यात तिथे उष्मा साठतो आणि हिवाळ्यात गारठा मुरतो. सप्टेंबरातही दुपारी तीस अंशांच्या पुढे पारा जातो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दुपारी बावीस ते पंचवीस आणि पहाटे पुण्याच्या डिसेंबरासारखे अकरा-बारा अंश असे हवामान असते. नोव्हेंबर लागला की पाऊस वाढतो, आणि पाऊस पडला की उतारावरच्या गल्ल्यांतली घासून गुळगुळीत झालेली फरसबंदी निसरडी होते. तेव्हा तुम्ही निवडलेले दहा दिवस मला अगदी योग्य वाटतात. फक्त छत्री आणि चांगली पकड असलेली पादत्राणे न्यावीत.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जुन्या वाड्यांमधील निवास, ज्यांना तिथे रियाद म्हणतात, ते उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आहेत. मध्ये चौक, जाड भिंती, उंच छत आणि फरशीचे तळ ही रचना जुलैत सुखाची असते, पण ऑक्टोबरच्या रात्री खोली अनपेक्षितपणे थंड होते. खोली राखण्यापूर्वी तापवण्याची सोय आहे का आणि गरम पाणी सलग मिळते का, हे लेखी विचारून घ्या. आईंसाठी तळमजल्यावरची खोली मागाल हे उघड आहे, कारण रियादचे जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आणि अनेकदा कठड्याविना असतात. मात्र तळमजल्याच्या खोलीची खिडकी बहुधा चौकातच उघडते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत इतरांचे बोलणे ऐकू येते. दोन्हींपैकी काय सोसेल ते तुम्हीच ठरवा.

या ऋतूचा लाभ बाजारात दिसतो. डाळिंबे, नवे खजूर, बिहीची फळे आणि झाडावरून नुकतेच उतरवलेले ऑलिव्ह यांचे ढीग ऑक्टोबरात लागलेले असतात, आणि डाळिंबाचा रस तर गाड्यावर डोळ्यांसमोर काढून देतात.

उंबरठा

सर्वांच्या उत्साहावर पाणी टाकायची इच्छा नाही, पण दुसरी बाजूही नोंदवतो. आम्ही दोन दिवस फेझला होतो आणि मला ते शहर आवडले नाही. दर वळणावर कोणी तरी मुलगा “पुढे रस्ता बंद आहे, मी दाखवतो” म्हणून मागे लागत असे, रस्ता मुळीच बंद नसे, आणि शेवटी तो पैसे मागत असे. भ्रमणध्वनीवरचा नकाशा उंच भिंतींमध्ये भरकटतो. गल्ल्यांत खेचरांची ये-जा, शेण आणि अंधार. वृद्ध व्यक्तीला घेऊन जायचे तर माराकेश मोकळे आहे, तिथे बागा आहेत आणि वाहन जवळपर्यंत येते.

कासवगती

उंबरठा, तुमचा अनुभव खोटा नाही. दोन दिवसांत मलाही असेच वाटले होते. फेझ अल-बाली, म्हणजे जुने फेझ, हे जगातल्या सर्वांत मोठ्या वाहनमुक्त वस्त्यांपैकी एक आहे आणि तिथे नऊ हजारांहून अधिक गल्ल्या असल्याचे सांगितले जाते, त्यामुळे पहिला दिवस हरवण्यातच जातो. दुसऱ्या दिवशी माणूस चिडतो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची पाणपोई, भट्टी आणि शिंप्याचे दुकान ओळखीचे होते आणि मग मागे लागणारी मुलेही कमी होतात, कारण चालणाऱ्याचा बावरलेपणा गेलेला असतो. म्हणूनच हे शहर दीड दिवसात उरकू नये असे माझे ठाम मत आहे. तेवढ्या वेळात त्याचा फक्त त्रासच पदरी पडतो.

पहिल्या दिवसासाठी परवानाधारक वाटाड्या घ्यावा. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते आणि तो निवासामार्फत ठरवता येतो. ठरवतानाच “आम्हाला खरेदी करायची नाही” हे स्पष्ट सांगावे, नाही तर अर्धा दिवस गालिच्यांच्या दुकानात चहा पिण्यात जाईल.

चिंचेचे पान

गुडघ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण गेल्या वर्षी मी माझ्या सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन गेले होते. मदिना एखाद्या खोलगट परातीसारखी आहे. पश्चिमेकडील बाब बू जलूद हा दरवाजा उंचावर आहे, आणि तिथून तलआ कबीरा व तलआ सगीरा या दोन मुख्य गल्ल्या करवीयीन मशिदीपर्यंत सुमारे दीड किलोमीटर सतत उतरत जातात. ‘तलआ’ या शब्दाचा अर्थच चढ असा आहे, यावरून काय ते समजा. बहुतेक पर्यटक उतरतात आणि त्याच वाटेने धापा टाकत परत चढतात. तसे करू नये. सकाळी टॅक्सीने बाब बू जलूदला जावे, दिवसभर फक्त उतरत यावे, आणि खाली पोहोचल्यावर सफ्फारीन चौकातून पाच मिनिटांत रसीफच्या मैदानात यावे, जिथे टॅक्सी उभ्या असतात. तिथून गाडीने वर परतावे. चारही दिवस आम्ही हेच केले आणि सासूबाईंना एकदाही उलटा चढ चढावा लागला नाही.

शहरातल्या लाल छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी बसू शकतात, आणि तुम्ही तिघेच आहात. मीटर चालू करायला आधी सांगावे. रात्री दर दीडपट होतो, ती फसवणूक नव्हे. राहण्याचे ठिकाण निवडताना मदिनेच्या ‘मध्यभागी’ असलेल्या सुंदर वाड्याच्या मोहात पडू नका. बाथा, ऐन अझलितेन किंवा रसीफ यांपैकी जिथे मोटार पोहोचते अशा जागेपासून दाराशी जायला किती मिनिटे लागतात आणि किती पायऱ्या आहेत, एवढेच विचारा. सामानासाठी हातगाडीवाले मिळतात. पैसे आधी ठरवावेत.

मागून “बालक! बालक!” अशी आरोळी आली तर कोणी लहान मुलाला हाक मारते आहे असे समजून थांबू नका. “बाजूला व्हा” असा त्याचा अर्थ आहे आणि पाठीमागे लादलेले खेचर असते. आईंना भिंतीच्या बाजूने चालवा.

पारिजात (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री हा धागा यजमानांना वाचून दाखवला. वाळवंट सोडायला ते तयार नव्हते, परंतु साडेचारशे किलोमीटर हा आकडा ऐकल्यावर नरमले. सह्यवेडा यांनी सुचवलेला आराखडा आम्ही स्वीकारला आहे. शुक्रवारी दुपारी फेझला पोहोचू. आता दिवसांची मांडणी कशी करावी?

कासवगती

शुक्रवारी दुपारी पोहोचणे सोयीचेच आहे, कारण त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजामुळे मदिनेतली बरीच दुकाने दुपारनंतर बंद असतात. सामान टाका, विश्रांती घ्या आणि संध्याकाळी टॅक्सीने मरिनी सुलतानांच्या थडग्यांच्या टेकडीवर जा. थडगी स्वतः पडकी आहेत, पण मावळतीला संपूर्ण शहर खाली पसरलेले दिसते आणि मगरिबची बांग एकेका मिनारावरून सुरू होत जाते. अंधार पडण्यापूर्वी परत निघा आणि टॅक्सीला थांबवून ठेवा.

शनिवारी चिंचेचे पान यांनी सांगितलेली उताराची वाट धरा. बाब बू जलूद हा दरवाजा बाहेरून निळा आणि आतून हिरवा आहे. तो पुरातन वाटतो, पण प्रत्यक्षात १९१३ मध्ये, फ्रेंच अंमल सुरू झाल्यावर बांधलेला आहे. तिथून थोड्याच अंतरावर बू इनानिया मदरसा लागतो. चौदाव्या शतकाच्या मध्यास सुलतान अबू इनान याने तो उभारला. संगमरवरी चौक, त्यावर रंगीत तुकड्यांची झेलिज नक्षी, त्याच्या वर चुन्यातले कोरीव काम आणि सर्वांत वर देवदाराचे लाकूड, अशी नजर खालून वर चढत जाते. मुस्लिमेतरांना प्रवेश असलेल्या शहरातल्या मोजक्या धार्मिक वास्तूंपैकी ही एक आहे, मात्र नमाजाच्या वेळी बाहेर थांबावे लागते. पुढे उतरत गेल्यावर अत्तारीन मदरसा येतो. तो याहून पंचवीसेक वर्षे जुना आणि आकाराने लहान आहे; माझ्या मते कारागिरीत तो सरस आहे. शेजारच्या मसाले आणि सुगंधी द्रव्यांच्या बाजारावरून त्याला हे नाव पडले. आपल्याकडचे अत्तार आणि हे अत्तारीन एकाच शब्दाचे आहेत, हे आईंना सांगायला नकोच.

करवीयीन मशिदीत आपल्याला जाता येत नाही. उघड्या दारांतून अंगण पाहायचे. तिथेच जवळ मौले इद्रीस दुसरा याची दर्गा-वास्तू आहे, तीही बाहेरूनच. सफ्फारीन चौकात तांबटांची ठोकाठोक चालते आणि समोरच्या चहाच्या दुकानात आई अर्धा तास सुखाने बसू शकतील. चामडे कमावण्याचे शुआरा हे ठिकाण मात्र जपून पाहावे. ते भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसते आणि तिथे जायला दोन-तीन मजले अरुंद जिना चढावा लागतो. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा घालून कातडी मऊ करतात, रंगांच्या हौदांत माणसे मांडीपर्यंत उतरून ती तुडवतात. दुकानदार नाकाशी धरायला पुदिन्याची जुडी देतो. ऑक्टोबरात वास सुसह्य असतो, तरीही शाकाहारी माणसाने जेवणानंतर जाऊ नये.

रविवार मोकळा ठेवा. खरोखर काहीही ठरवू नका.

सोमवारी नव्या फेझचा, म्हणजे फेझ अल-जदीदचा फेरफटका मारा. ‘नवे’ म्हणजे १२७६ सालचे! राजवाड्याची पितळी दारे, १४३८ मध्ये वसवलेली मल्लाह ही ज्यूंची वस्ती, तिथल्या लाकडी सज्ज्यांची घरे आणि इब्न दनान सिनेगॉग हे सगळे सपाटीवर आहे. मंगळवारी दिवसभरासाठी मोटार ठरवून वलूबिलिस आणि मेक्नेसला जा. वलूबिलिसच्या रोमन अवशेषांत सावली नाही आणि दगड उंचसखल आहेत, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि काठी बरोबर ठेवावी.

जुने_पान

वलूबिलिस फक्त रोमन अवशेष म्हणून पाहू नये, असे इतिहासाच्या शिक्षिकेसाठी आवर्जून लिहितो. फेझची कथा तिथूनच सुरू होते. अब्बासी खलिफांच्या सैन्यापासून निसटलेला इद्रीस पहिला ७८८ च्या सुमारास इथेच, म्हणजे तेव्हाच्या वलीली गावी आला, अवरबा या बर्बर टोळीने त्याला आश्रय दिला, आणि त्याने ७८९ मध्ये नदीच्या उजव्या तीरावर फेझची वस्ती स्थापन केली. मुलगा इद्रीस दुसरा याने ८०९ मध्ये डाव्या तीरावर दुसरे शहर वसवले. पुढे ८१८ मध्ये कोर्दोबातले बंड चिरडले गेल्यावर तिथून हाकललेली कुटुंबे उजव्या तीरावर आली आणि ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली डाव्या तीरावर स्थिरावली. ही दोन तटबंद शहरे समोरासमोर भांडत नांदत होती आणि अकराव्या शतकात अल्मोराविद या बर्बर राजघराण्याने त्यांना एकत्र केले. म्हणून अंदलूसी बाजूही पाहा. तिथे पर्यटक फार कमी जातात.

करवीयीनची स्थापना फातिमा अल-फिहरी या कैरवानी स्त्रीने ८५९ मध्ये केली, असे प्रत्येक वाटाड्या सांगेल. ही कथा आपल्यापर्यंत आली ती चौदाव्या शतकातल्या इब्न अबी झर या इतिहासकाराकडून, म्हणजे घटनेनंतर जवळपास पाच शतकांनी. मशिदीत सापडलेला एक जुना लेख तर स्थापनेचे श्रेय एका इद्रीसी राजपुत्राला देतो. कथा सुंदर आहे, ती ऐकावी, पण तिच्याकडे परंपरा म्हणून पाहावे.

आता महाराष्ट्राशी असलेला धागा. टँजिअरचा इब्न बतूता १३२५ मध्ये घरातून निघाला, मुहम्मद तुघलकाच्या पदरी दिल्लीत राहिला, आणि दक्षिणेकडे जाताना दौलताबाद व नंदुरबार पाहून गेला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले आहे की, ते कलाकौशल्यात निपुण असून वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, त्यांच्यातले प्रतिष्ठित लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, आणि प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही. हा सगळा मजकूर कुठे लिहिला गेला? फेझमध्ये! अबू इनान सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न बतूताने आपला प्रवास इब्न जुझय या लेखनिकाला सांगितला आणि १३५५ च्या डिसेंबरात तो ग्रंथ पुरा झाला. बू इनानिया मदरसा त्याच सुलतानाचा आणि त्याच काळातला आहे.

पारिजात (धागाकर्ती)

जुने_पान, आईने हा प्रतिसाद मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. दौलताबादचा उल्लेख तिला माहीत होता, पण तो फेझमध्ये लिहिला गेला हे ती विसरली होती. आता नंदुरबारच्या लोकांप्रमाणे आम्हाला तिथे भात-भाजी मिळेल का, तेवढे कोणी तरी सांगावे.

चिंचेचे पान

मिळेल, पण विचारून घ्यावे लागेल. अडचण अशी की, भाज्यांचा कुसकुस (वाफवलेला जाडसर रवा) किंवा भाज्यांचा ताजीन (मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला रस्सा) मागितला तरी तो अनेकदा मांसाच्या रश्शातच शिजलेला असतो आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने वरचे तुकडे काढले की तो शाकाहारी झाला. हरीरा नावाच्या सूपचेही तसेच. “ब्ला ल्हम” म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ करा, आणि रश्शाबद्दल वेगळे विचारा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे निवासात सकाळीच सांगून ठेवणे. संध्याकाळी घरच्यासारखे रांधून देतात.

निर्धास्त खाण्यासारखेही पुष्कळ आहे. सकाळी बिसारा मिळतो. वाळलेल्या बाकल्याचे दाट कढण, वर ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड, असा तो प्रकार पातळ पिठल्याची आठवण करून देतो. त्यात लसूण असतो. म्समेन हा पदर सुटणारा चौकोनी पराठा मधाबरोबर देतात. वांगी-टोमॅटोचे झालूक तर आपले भरीतच आहे. घरोघरी मळलेल्या कणकेच्या भाकऱ्या फळीवर ठेवून गल्लीतल्या सामायिक भट्टीत भाजायला नेताना मुले दिसतील, आणि त्या भट्टीतला गरम पाव मागितला तर मिळतो. पुदिन्याच्या चहात साखर भरमसाट असते, तेव्हा आईंना मधुमेह असेल तर “ब्ला सुक्कर” म्हणा. ‘सुक्कर’ आणि ‘साखर’ दोन्ही आपल्या शर्करेच्याच लेकी. चटणी, मेतकूट आणि थोडे लाडू न्या. कासाब्लांकाच्या पहिल्या रात्री उपयोगी पडतील.

सह्यवेडा

राहिलेल्या किरकोळ बाबी एकत्र लिहितो. भारतीय पारपत्राला व्हिसा लागतो. अर्ज मोरोक्को सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा, मध्यस्थांची हुबेहूब दिसणारी पाने टाळावीत. दिरहम बाहेर सहज मिळत नाही, म्हणून युरो न्यावेत आणि विमानतळावर थोडेच बदलून घ्यावेत. मदिनेत रोखीनेच व्यवहार चालतो. सुट्टी नाणी जपून ठेवा, कारण स्वच्छतागृहात तीच लागतात. यजमानांकडे ड्रोन असेल तर तो घरीच ठेवा. तिथे तो नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर अडकवून ठेवतात. आपली घड्याळे त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतात.

पारिजात (धागाकर्ती)

ड्रोन आहे. आजच कपाटात गेला.

बाथाजवळची तळमजल्यावरची खोली राखली असून दारापर्यंत सपाट रस्त्याने चार मिनिटे लागतात असे त्यांनी लेखी कळवले आहे. खोलीत तापवण्याची सोयही आहे. आईचा शेवटचा प्रश्न असा की, बू इनानियासमोर एक जलघटिका आहे असे तिने वाचले आहे, ती चालू स्थितीत पाहता येईल का?

जुने_पान

नाही. ती कित्येक शतकांपासून बंद आहे. मदरशाच्या समोरच्या भिंतीवर खिडक्यांची रांग आणि बाहेर आलेली कोरीव लाकडे दिसतील. त्यांवर पितळी वाडगी असत आणि ठरावीक वेळी त्यांत गोळी पडून नाद होई. वाडगी तिथून काढलेली आहेत. गल्ली अरुंद असल्याने लोक मान वर न करता पुढे जातात, म्हणून आईंना मदरशाच्या दाराला पाठ लावून उभे करा आणि वर पाहायला सांगा.